बारामती व इंदापूर येथील मतदारांची निष्ठा

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील मतदानाविषयीं एक ठराविक विधान वारंवार केलें जातें. तें असें कीं, पूर्वीं वतनदाराच्या मागें रयत जाई, तद्वत् आतां एका घराण्याच्या मागें येथील मतदार जातात. हा पूर्वपक्ष मांडून त्याची परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पूर्वपक्ष अगदींच निराधार नाहीं. शहाजीराजांच्या जहागिरींत सुपें व इंदापूर हे परगणे होते. पेशवाईंत बारामतीस बाबूजी नाईकांचें प्रस्थ होतें. मोरोपंतांनीं पुराण सांगितलें तें त्यांच्याच आश्रयास राहून. बड्या घराण्याची छाया या प्रांतास नवी नव्हे.

परंतु एकोणिसाव्या शतकाचा इतिहास निराळें सांगतो. प्रिंगलच्या आकारणीनें इंदापूरचीं शेतें ओस पडूं लागलीं, तेव्हां १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांस नवी पाहणी येथेंच आरंभावी लागली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया तो हाच.  रयत जमीन सोडून गेली, व सरकारास दर उतरावे लागले. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या, आणि त्याचें फळ म्हणून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज बारामती तालुक्यांत आहे. अशा रयतेस केवळ अनुगामी म्हणणें धाडसाचें होईल.

यानंतर आलें पाणी. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, व बारामती-इंदापूरकडे ऊंस वाढला. वालचंदनगरचा खाजगी कारखाना, त्यामागून माळेगांव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी कारखाने निघाले. सावकार गेला, त्याच्या जागीं सोसायटी, बँक व कारखाना आले. पाण्याची पाळी, पिकाचें कर्ज व उंसाची तोड हीं ज्याच्या शब्दानें मिळतात, त्याच्याकडे मत झुकणें स्वाभाविक होय. हाच आमच्या मतें निष्ठेचा खरा उगम.

आतां अन्वय-व्यतिरेकानें पाहूं. निष्ठा पक्षाची असती, तर पक्ष बदलतांच मत बदलतें. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट असतां बारामती लोकसभा मतदारसंघानें काँग्रेसचे केशवराव जेधे निवडले. १९८४ सालीं काँग्रेसची लाट असतां समाजवादी काँग्रेसचे शरद पवार निवडले. १९९९ सालीं पवारांनीं राष्ट्रवादी काँग्रेस काढली, पंजाच्या जागीं घड्याळ आलें, तरी जागा गेली नाहीं. इंदापुरानें तर १९९५, १९९९ व २००४ अशा तीन वेळां हर्षवर्धन पाटील यांस अपक्ष म्हणून विधानसभेवर पाठविलें, आणि २०१४ सालीं त्यांसच पराभूत केलें. तेव्हां पक्ष हें कारण नव्हे.

मग घराणें हें कारण काय? तसें असतें, तर १९७७ सालीं या लोकसभा मतदारसंघानें जनता पक्षाचे संभाजीराव काकडे, आणि पुढल्याच वर्षीं बारामतीनें विधानसभेस शरद पवार निवडले, याची संगति लागत नाहीं. लोकसभेचा मतदारसंघ या दोन तालुक्यांहून मोठा, ही पुस्ती येथें जोडलीच पाहिजे. पण २०२४ चा दाखला त्या आक्षेपासही उत्तर देतो. त्या वर्षीं उभय पक्षीं एकच घराणें होतें. लोकसभेस घड्याळाच्या सुनेत्रा पवार यांच्याविरुद्ध तुतारीच्या सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनीं निवडून आल्या, व खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रांत त्यांस सुमारें ४८ हजारांचें आधिक्य होतें. सहा महिन्यांच्या आंत त्याच क्षेत्रानें घड्याळाचे अजित पवार यांस पुतणे युगेंद्र यांच्याविरुद्ध १,००,८९९ मतांनीं विजयी केलें. इंदापूरनेंही लोकसभेस सुळे यांस आधिक्य दिलें, आणि विधानसभेस घड्याळाचे दत्तात्रय भरणे निवडले. घराणें तेंच, मतदार तेच. बदललें तें पद.

यावरून आमचें अनुमान असें: येथील मतदार प्रत्येक पदाचा हिशेब निराळा ठेवतो. दिल्लीच्या जागेस तो मान व जुनें ऋण पाहतो. मुंबईच्या जागेस कालवा, रस्ता व कारखाना यांचें काम कोण करील, हें पाहतो. वतनी रयतेस ही निवड नव्हती. म्हणून या मतदानास केवळ घराणेशाही म्हणणें इतिहासास धरून नाहीं. मात्र पाणी व पत यांची सत्ता एका हातीं राहिली, तर हिशेब ठेवणारासही खुलेपणानें मत सांगण्याची चोरी होते, हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं.

अनुमान पक्कें होण्यास गांववार पुरावा हवा. निवडणूक अधिकारी नमुना २० मध्यें केंद्रवार आंकडे नोंदतात. कालव्याच्या तोंडाकडील व शेपटाकडील गांवें त्यांवरून ताडून पाहतां येतील. जुन्या निवडणुकांचीं पत्रकें, कारखान्यांचे अहवाल व सोसायट्यांचीं दप्तरें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां संशोधकांस दाखवावीं. सुप्याच्या जळालेल्या खतांबरोबर त्या काळच्या रयतेचा पुष्कळ हिशेब गेला. आजच्या रयतेचा तरी राहावा.