नदीलाही असतो पाण्याचा हक्क? कोलोरॅडोचा कायदा काय सांगतो, जाणून घ्या

कालव्याला पाणी सुटलं की हेडवाल्याचं शेत आधी भिजतं आणि टेलचा शेतकरी वाट बघत बसतो. हे आपल्याला नवीन नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मात्र पाण्याच्या या रांगेत खुद्द नदीही उभी असते.

रांग कशी ठरते?
तिथला नियम सरळ आहे. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं, त्याचा हक्क मोठा. टंचाई पडली की जुन्या तारखेच्या हक्काला आधी पाणी मिळतं, नव्या हक्कवाल्याला उपसा थांबवावा लागतो. पूर्वी पाणी नदीबाहेर काढलं तरच हक्क मिळायचा. त्यामुळे नदी कोरडी पडली तरी कायद्याने काही करता येत नव्हतं.

१९७३ मध्ये काय बदललं?
त्या वर्षी पाणी नदीतच ठेवण्यालाही कायद्याने वापर मानलं. असा हक्क फक्त राज्याच्या जलसंधारण मंडळाला घेता येतो. कोणत्या टप्प्यात, कोणत्या महिन्यात किती क्युसेक पाणी वाहिलं पाहिजे, हे जल न्यायालय मंजूर करतं. प्रवाह त्याखाली गेला, तर मंडळ नंतरच्या हक्कवाल्यांचा उपसा थांबवायला लावू शकतं.

शेतकऱ्यांचं पाणी जातं का?
नाही. नदीचा हक्क १९७३ नंतरचा, शेतीचे कित्येक हक्क त्याहून जुने. दुष्काळात जुना हक्कवाला नदीच्या आधी पाणी घेतो. म्हणजे माशांना सर्वात जास्त गरज असते, तेव्हाच नदीचा हक्क कमजोर पडतो.

मग उपाय काय?
जुनं पाणी भाड्याने घेणं. तिथे बरीच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जाऊ शकतो. पण नदीसाठी रीतसर, तात्पुरतं पाणी दिलं तर हक्काला धक्का लागत नाही. २०१२ च्या दुष्काळात यांपा नदी आटू लागली, तेव्हा एका ट्रस्टने वरच्या स्टेजकोच धरणातलं ४,००० एकर-फूट, म्हणजे साधारण ०.१७ टीएमसी पाणी भाड्याने घेऊन नदीत सोडलं.

नौकाविहाराचं काय?
२००१ च्या कायद्याने नगरपालिका, काउंटी आणि पाणी संस्थांना नदीपात्रात बांधलेल्या नौकाविहाराच्या जागेसाठी पाण्याचा हक्क मागता येतो. पर्यटनावर चालणाऱ्या गावांसाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे काय?
२०१८ मध्ये केंद्राने गंगेच्या वरच्या टप्प्यात किमान प्रवाह ठरवून दिला. नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. पण ते धरणं आणि प्रकल्पांवरचं बंधन आहे, नदीच्या नावचा हक्क नव्हे. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाणीवापराचे हक्क ठरवण्यासाठी प्राधिकरण आलं.

कोलोरॅडोचा अनुभव एवढंच सांगतो: नदीचा हक्क कागदावर आला म्हणून पाणी येत नाही. त्या हक्काची तारीख कोणती आणि जुना हक्कवाला पाणी द्यायला तयार आहे का, यावर सगळं ठरतं.