आधी रोजकीर्द, मग खतावणी

जुन्या पेढीवरच्या मुनीमजींचा एक दंडक असे. चुकलेली नोंद खरवडायची नाही. ती तशीच ठेवून दुरुस्तीची नवी नोंद करायची. आधी रोजकीर्द, मग खतावणी. त्यामुळे कोणती चूक केव्हा झाली, हे वही स्वतःच सांगे.

संगणक आला आणि पुसणे फार सोपे झाले. चुंबकीय तबकडीवर जुन्या आकड्याच्या जागी नवा लिहिला, की जुना गेला. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांना यातला धोका दिसला. १९७०च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' या डेटाबेसवर ते काम करीत होते. व्यवहार पुरा व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये. आणि मूळ माहितीला हात लावण्यापूर्वी तो बदल वेगळ्या नोंदवहीत उतरवावा, ही शिस्त त्या काळात पक्की होत गेली. १९८१ सालच्या निबंधात ग्रे यांनी दाखला दिला तो हिशेबनिसांचाच. १९९८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

पण नोंदवही आणि खतावणी एकाच कपाटात असेल आणि कुणी कपाटच रिकामे केले तर?

३१ जानेवारी २०१७च्या रात्री तसेच झाले. प्रोग्रॅमर मंडळी आपले काम जिथे ठेवतात, त्या 'गिटलॅब' वेबसाइटच्या एका अभियंत्याला जोडसंगणकावरची माहिती काढायची होती. आज्ञा दिली गेली मुख्य संगणकावर. दोनएक सेकंदांत चूक ध्यानात आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते.

राखीव प्रती काढण्याची सोय होती, पण ती मुकाट्याने बंद पडली होती. ते कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत निघाली आणि तिनेच तारले. तरी मधल्या तासांतली माहिती गेली ती गेलीच.

कंपनीने सारा प्रकार लपवला नाही. दुरुस्तीचे काम इंटरनेटवर सर्वांना पाहू दिले. पुढच्या उपायांत दोन साध्या गोष्टी होत्या: आपण कोणत्या संगणकावर आहोत हे पडद्यावर ठळक दिसावे आणि प्रतींमधून माहिती खरोखर परत येते का, हे नियमाने तपासावे.

चूक माणसाकडून होणारच, हे मुनीमजींनी गृहीतच धरले होते. म्हणून तर ते दिवस संपताना वही मिटण्याआधी मेळ घालून पाहत. आपल्या प्रती आपण शेवटच्या कधी उघडून पाहिल्या?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)