शेजारणीची वाटी आणि फाळक्यांचा कॅमेरा



आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. तिने भाजी दिली असेल, तर आपण तिच्या वाटीत दोन लाडू, मूठभर शेंगदाणे, नाहीतर निदान चिमूटभर साखर घालतो. वाटी इकडून तिकडे गेली की बोलणे वाढते. अबोला असला तर सुटतो. एकीच्या हातची चटणी हळूहळू साऱ्या आळीची होऊन जाते.

देशसुद्धा असेच वागतात. इकडचे गायक तिकडे जातात, तिकडचे नाटकवाले इकडे येतात, सिनेमा करणारे एकमेकांकडे जाऊन शिकतात आणि आपले काम दाखवतात. मोठ्या माणसांच्या भाषेत याला सांस्कृतिक राजनय म्हणतात. शब्द जड आहे, पण रीत वाटीचीच आहे. सिनेमाच्या बाबतीत ही वाटी कशी फिरली, ते आज आम्ही सांगणार आहोत. सुरुवात करायला लांब जायला नको. ती आपल्याच नाशिक जिल्ह्यात होते.

निवृत्तीनाथांच्या यात्रेला आपल्यापैकी कितीतरी जणी त्र्यंबकेश्वरला जातात. त्याच त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. पुढे त्यांनी छापखाना काढला, पण भागीदारांशी पटेना, म्हणून त्यातून बाहेर पडले. चाळिशी आली होती, घरात मुले होती आणि हातात काम नव्हते.

१९१० च्या सुमारास गिरगावातल्या एका सिनेमागृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी चित्रपट पाहिला. तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता, नुसती हलती चित्रे असायची. ती पाहताना त्यांच्या मनात आले, आपले राम आणि कृष्ण असे पडद्यावर कधी दिसणार? पुन्हा पाहायला जाताना त्यांनी पत्नीला, सरस्वतीबाईंना, बरोबर नेले. मग सिनेमे पाहणे, पुस्तके वाचणे, रात्र रात्र प्रयोग करणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली आणि काम पुन्हा चालू झाले.

पण ही विद्या इथे शिकवणार कोण? यंत्रे परदेशात, जाणकारही परदेशात. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके बोटीने लंडनला निघाले. त्यांना कुणा सरकारने पाठवले नव्हते, आणि तिकडे वाट पाहणारे ओळखीचेही कुणी नव्हते. शिवाय तो काळ आठवा. आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते, आणि हा माणूस त्या राज्यकर्त्यांच्याच शहरात शिकायला चालला होता.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ नावाचे सिनेमाचे एक साप्ताहिक निघत असे. फाळके सरळ त्याच्या कचेरीत गेले. तिथल्या संपादकांनी आधी सांगून पाहिले की हा धंदा कठीण आहे, इथलेही कितीतरी जण यात बुडाले. पण माणूस मागे हटणारा नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी मदत केली. कोणती यंत्रे घ्यावीत हे सांगितले आणि सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ लंडनजवळ वॉल्टन या गावी होता. तिथे फाळक्यांना सगळे विभाग पाहायला मिळाले. चित्रे कशी घेतात, फिल्म कशी धुतात, कशी जोडतात, हे सगळे त्यांनी समक्ष पाहिले. लंडनमधला मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा झाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते घरी परतले.

मैत्रिणींनो, इथे क्षणभर थांबू या. देशांमधली सोयरीक फक्त मंत्री आणि राजदूत जुळवतात, असे आपल्याला वाटते. १९१२ मध्ये एक देश राज्य करणारा होता आणि दुसरा गुलाम होता. तरी एका संपादकाने आणि एका कारागिराने आपल्या कामाचे दार उघडले. त्याने गुलामी संपली नाही. पण माणसाला माणूस म्हणून, कारागिराला कारागीर म्हणून पाहण्याची एक वाट मोकळी झाली.

आता घरी काय झाले ते ऐका. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या फिल्मला तेव्हा कडेची भोके नसायची. यंत्रात फिल्म पुढे सरकायला ती भोके लागतात, आणि ती अंधारातच पाडावी लागतात, कारण उजेड लागला की फिल्म वाया जाते. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायने कालवायलाही त्या शिकल्या. चित्रीकरणात उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून त्या पांढरी चादर धरून उभ्या राहत, असेही सांगतात. शिवाय कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. दागिने आधीच मोडले गेले होते. म्हणजे विद्या लंडनहून आली खरी, पण ती रुजली सरस्वतीबाईंच्या घरात.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून आपण त्याला ओळखतो. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केले, कारण सिनेमात काम करायला बाईच मिळेना.

त्यानंतर फाळक्यांनी आपला कारभार नाशिकला हलवला. इथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासूर’ काढला आणि त्यात पहिल्यांदा बायका कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून, नाटकात काम करून मुलीला वाढवत होत्या. नाटकात काम करणाऱ्या बाईला तेव्हा लोक काय काय बोलत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून मोठ्या नटी झाल्या. अभिनेते विक्रम गोखले हे त्यांचे नातू.

आता वाटी परत द्यायची वेळ आली. १९१४ मध्ये फाळके ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासूर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वी ते शिकायला आले होते, आता आपले काम दाखवायला आले. तिथल्या जाणकारांनी कामाची वाखाणणी केली. नाशिकला काम केलेल्या दुर्गाबाई आणि कमलाबाई लंडनच्या पडद्यावर दिसल्या. इथेच राहून चित्रपट काढा, असे निमंत्रणही फाळक्यांना मिळाले. ते त्यांनी घेतले नाही. हा धंदा आपल्याच मातीत उभा करायचा, हे त्यांचे ठरलेले होते. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. बोलणी विरली, मालाच्या मागण्या थांबल्या, भांडवल देणाऱ्यांनी हात आखडते घेतले आणि कुटुंब पुन्हा अडचणीत आले. देशांच्या भांडणात सगळ्यात आधी अशीच देवाणघेवाण मोडते.

तरी फाळके थांबले नाहीत. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी काढला. जे दुसऱ्यांनी दाखवले म्हणून आपल्याला आले, ते त्यांनी लोकांपासून लपवून ठेवले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्य आल्यावर हीच देवाणघेवाण सरकारने आपल्या हाती घेतली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. पुढे तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेला. देशोदेशीचे चित्रपट आले. त्यात इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता. एका गरीब माणसाला कामासाठी सायकल लागते, ती चोरीला जाते, आणि तो आपल्या लहान मुलाला घेऊन ती गावभर शोधत फिरतो, एवढीच त्याची गोष्ट. आपल्याकडच्या दिग्दर्शकांना ती फार लागली. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. जमीनदाराच्या कर्जापायी दोन बिघे जमीन जाऊ नये म्हणून एक शेतकरी कलकत्त्यात रिक्षा ओढतो, अशी ती गोष्ट. कर्जापायी जमीन जाण्याची भीती काय असते, हे आपल्या गटातल्या बायकांना कळते. इटलीच्या सायकलीने आपल्याला आपलाच शेतकरी पाहायला शिकवले. तो चित्रपट मग फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात गेला आणि १९५४ मध्ये तिथे त्याला पारितोषिक मिळाले. वाटी भरून आली होती, भरून परत गेली.

कधी कधी दोन घरे मिळून एकच स्वयंपाक करतात. १९५७ चा ‘परदेसी’ तसा झाला. भारत आणि सोव्हिएत रशिया यांनी तो मिळून काढला. ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियाचे वसिली प्रोनिन हे दोन दिग्दर्शक होते, आणि चित्रपट हिंदी आणि रशियन अशा दोन्ही भाषांत निघाला. त्यात आपली नर्गिस होती, बलराज साहनी होते. गोष्ट अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची. हा माणूस पंधराव्या शतकात घोडा विकायला समुद्रामार्गे चौलला उतरला. चौल म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले गाव. तिथून तो जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथेच राहिला. जुन्नर आपल्याला परके नाही, नाशिकहून पुण्याकडे जाताना वाटेजवळच आहे. निकितिनने आपल्या प्रवासाची हकिकत लिहून ठेवली, म्हणून पाचशे वर्षांनी दोन देशांना एकत्र बसून सांगायला एक गोष्ट मिळाली.

आता आमच्या मनातले सांगतो. देवाणघेवाणीचा इतिहास लिहिताना जो बोटीत बसला त्याचे नाव लिहिले जाते. ज्याने दार उघडले त्याचेही कधी कधी लिहिले जाते. पण ज्यांनी घर सांभाळले, दागिने दिले, अंधारात बसून भोके पाडली, त्यांची नावे पडद्यावर येत नाहीत. १९६९ पासून फाळक्यांच्या नावाने देशाचा सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. पहिला पुरस्कार देविका राणी या अभिनेत्रीला मिळाला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण तो पुरस्कार ज्यांच्या नावाचा आहे, त्यांच्या कामातला निम्मा भार सरस्वतीबाईंनी वाहिला, हेही आपल्या लेकींना माहीत असायला हवे.

आपल्या गटातही हेच चालते. अभ्यासदौऱ्याला दोघी जातात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटाचे पापड, मसाले, शेळीपालन पाहून येतात. तिकडच्या बायका हातचे काही न राखता सगळे दाखवतात. गेलेल्या दोघींची नावे अहवालात येतात. पण त्यांची जनावरे कुणी पाहिली, पोरे कुणी सांभाळली, भाकऱ्या कुणी थापल्या? आम्ही आता असे ठरवले आहे की दौऱ्याहून आल्यावर मासिक बैठकीत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहायच्या. कोण शिकून आले, कुणी शिकवले आणि कुणी मागे घर सांभाळले. आणि चौथी गोष्ट म्हणजे, ज्यांनी शिकवले त्यांना आपण काय दाखवणार, त्यांना आपल्याकडे कधी बोलावणार. नुसते घेऊन यायचे आणि परत काही द्यायचे नाही, ही आपली रीत नव्हे.

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. बाजाराला किंवा दवाखान्याला नाशिकला गेलात आणि हाताशी थोडा वेळ असला, तर मुलींना घेऊन तिथे जा. फाळक्यांची गोष्ट सांगा, आणि सांगताना सरस्वतीबाई, दुर्गाबाई आणि कमलाबाई यांची नावे वगळू नका.