सराव पाठ : माध्यमिक शिक्षक-प्रशिक्षणाचा एक धागा

वुडच्या १८५४ च्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला, तरी मुंबई इलाख्यात पुढील अर्धशतक त्याचा लाभ प्रामुख्याने प्राथमिक शिक्षकांनाच झाला. इंग्रजी शाळेतल्या मास्तरांजवळ विद्यापीठाची पदवी असली म्हणजे शिकवण्याची कला ओघानेच आली, असे गृहीत धरले जाई. १८८२ च्या हंटर आयोगाने अध्यापनाच्या तत्त्वांची व प्रत्यक्ष अध्यापनाची परीक्षा सुचवली, पण परीक्षेने शिक्षक तपासला जातो, घडत नाही. कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, महाविद्यालयाला जोडलेली सराव शाळा आणि शिकलेली पद्धत नोकरीत विसरली जाऊ नये म्हणून महाविद्यालय व शाळा यांचा घनिष्ठ संबंध, अशा तीन गोष्टी मागितल्या. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले.

यांपैकी तिसरी मागणी सर्वांत मोलाची होती आणि तीच मागे पडली. छात्राध्यापकाने, म्हणजे प्रशिक्षणार्थी शिक्षकाने, परक्या वर्गात घ्यायचा सराव पाठ हा प्रशिक्षणाचा कणा ठरला खरा. परंतु जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी विचारप्रक्रियेचे वर्णन म्हणून मांडलेली पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, पाठटाचणाच्या, अर्थात पाठाच्या लेखी आराखड्याच्या, रकान्यांत बसली, आणि ते रकाने भरणे हेच कौशल्य मानले जाऊ लागले.

प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठीय जीवनापासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेली आहेत, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये स्पष्ट नोंदवले. तरी त्याच सुमारास आधुनिक म्हणून स्वीकारलेल्या सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे मोजके विद्यार्थी घेऊन काही मिनिटांत एकेक कौशल्य घोटण्याच्या स्टॅनफर्डच्या तंत्रात, भारतात बहुधा सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसत, त्यामुळे खरी शाळा आणखीच दूर गेली. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांनी १९६३ पासून विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र यांची चार वर्षांची एकत्रित पदवी आखली होती. हा प्रयोग अधिक मूलगामी होता, पण देशभर रुजला नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे करून किमान २० आठवडे शाळांशी जोडले. मात्र छात्राध्यापकाला हाताशी धरणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाचे तास त्यासाठी कमी करण्याचा प्रश्न मागेच राहिला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता ठरवून म्हैसूर-अजमेरचा तो प्रयोगच पुन्हा हाती घेतला.