घरच्या संगणकावर रेषीय नियोजन

अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा हे गाव १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. जामखेड तालुक्याचा हा भाग अवर्षणप्रवण. विहिरीतले मोजके पाणी कोणत्या पिकाला द्यावे, हा तेथील शेतकऱ्याचा नित्याचा प्रश्न. मर्यादित साधनांची अशी वाटणी करणारे गणित म्हणजे लिनियर प्रोग्रॅमिंग अर्थात रेषीय नियोजन. ते सोडवणारी सॉफ्टवेअर साध्या संगणकावरही चालतात.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. जमीन ५ एकर, पाणी २० पाळ्यांपुरते. एका एकराला एकदा दिलेले पाणी ही एक पाळी. ज्वारीला एकरी २ पाळ्या लागतात व नफा १० हजार रुपये. कांद्याला ७ पाळ्या व नफा ३० हजार. पाणी असेल तितका कांदाच लावला, तर जेमतेम २.८६ एकर भिजते, बाकी रान पडीक राहते आणि नफा सुमारे ८५,७०० रुपये होतो. सॉफ्टवेअरचे उत्तर वेगळे येते: ३ एकर ज्वारी, २ एकर कांदा, नफा ९० हजार.

हे गणित मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील ‘सॉल्व्हर’ करते. ते आधी अ‍ॅड-इनच्या यादीतून सुरू करावे लागते आणि पद्धत म्हणून ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडावी लागते. त्यातील चलांची मर्यादा २०० आहे. शेतीच्या हिशेबाला ती भरपूर झाली. एक्सेल विकत घ्यायचे नसेल, तर मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस कॅल्कमध्येही सॉल्व्हर आहे. चलांची किंमत ऋण येऊ नये, ही अट मात्र दोन्हीकडे तपासून घ्यावी.

उत्तराइतकाच मोलाचा असतो एक्सेलचा ‘सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट’. वरील उदाहरणात पाण्याची एक पाळी वाढली, तर नफा ४ हजारांनी वाढतो. म्हणजे विकतचे पाणी पाळीमागे चार हजारांच्या आत मिळाले, तरच परवडेल. कांद्याचा एकरी नफा १० ते ३५ हजारांच्या दरम्यान राहिला, तर पिकांची वाटणीही बदलत नाही. कांद्याच्या भावाचे लहरी वर्तन पाहता ही माहिती दिलासा देणारी आहे! असा अहवाल नसेल, तर २० च्या जागी २१ लिहून गणित पुन्हा सोडवावे.

जॉर्ज डॅन्ट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना ‘इंटिरियर पॉइंट’ पद्धत मांडली आणि मोठ्या गणितांचा मार्ग खुला केला. तिच्यावर आधारित ‘कॉर्बेक्स’ ही यंत्रणा एटी अँड टी कंपनीने १९८८ मध्ये ८९ लाख डॉलर किमतीला बाजारात आणली होती. आज ‘जीएलपीके’ व एडिंबरा विद्यापीठात विकसित झालेले ‘हाय्‌ज’ ही मोफत सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारच्या पद्धती वापरतात. त्यांत समीकरणे बहुधा फाइलमध्ये लिहून द्यावी लागतात. नवख्याने सुरुवात कॅल्कपासून केलेली बरी.