सत्यनाथन, कृपाबाई

सत्यनाथन, कृपाबाई : (१४ फेब्रुवारी १८६२ – ३ ऑगस्ट १८९४). इंग्रजीतून लिहिणाऱ्या मराठी ख्रिस्ती कादंबरीकार. माहेरचे आडनाव खिस्ती. जन्म अहमदनगरचा. वडील हरिपंत व आई राधाबाई मूळचे ब्राह्मण. नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये आरंभी ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबांपैकी हे एक. चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. वडील त्यांच्या लहानपणीच वारले आणि थोरला भाऊ भास्कर हाच त्यांचा गुरू झाला. पुस्तकांची गोडी त्यानेच लावली. तोही अकाली गेला.

पुढे मुंबईत मिशनच्या वसतिशाळेत शिकत असताना वैद्यक शिकायची इच्छा बळावली. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली, पण तोळामासा प्रकृतीमुळे तो बेत सोडावा लागला. १८७८ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या त्या यानंतर पाच वर्षांनी. पहिल्या वर्षी कृपाबाई परीक्षेत चमकल्या आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांनी अंथरूण धरले. शिक्षण कायमचे सुटले. मद्रासमध्ये त्या रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी राहत. त्यांचे चिरंजीव सॅम्युएल केंब्रिजहून परतल्यावर दोघांचा विवाह झाला. पतीच्या नोकरीनिमित्त उटी, राजमहेंद्री, कुंभकोणम असा मुक्काम हलत राहिला. उटीला असताना त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. एकुलते मूल वर्षाचे होण्याआधीच गेले.

‘सगुणा’ ही कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या ‘ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मधून क्रमशः आली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रपर कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. नवरा धर्मांतर करतो तेव्हा आईच्या जिवाची होणारी घालमेल आणि मुलीची शिकण्याची ओढ तिच्यात जिवंत उतरली आहे. कृपाबाईंची श्रद्धा गाढ होती, पण म्हणून त्यांनी आपल्या माणसांना झुकते माप दिले नाही. एतद्देशीय ख्रिस्त्यांना कमी लेखणाऱ्या गोऱ्या मिशनरी बायांचा ताठा त्यांनी स्पष्ट मांडला आहे. त्याच काळात इंग्लंडमध्ये शार्लट याँग आपल्या कादंबऱ्यांतून चर्चनिष्ठ घरांचे आदर्श रंगवत होत्या. कृपाबाईंना अशा स्थिर घराचा आधार नव्हता. त्यांच्या घरात धर्म नवा होता आणि त्यापायी सोयरेधायरे दुरावलेले होते.

दुसरी कादंबरी ‘कमला’ (१८९४) त्यांनी आजारपणात लिहून पुरी केली. तिचे कथानक नाशिक परिसरातील हिंदू घरांतले आहे. डोंगरात विरक्त राहणाऱ्या विद्वान बापाची ही मुलगी सासरी येते. नवरा गणेश तिला लिहायला-वाचायला शिकवू लागतो, तर घरातल्या बायका टोमणे मारमारून त्याला नकोसे करतात. आणि तोही नमते घेतो. हा भाग कादंबरीतला सर्वांत बोचरा आहे. सासू-नणंदांचा जाच केवळ दुष्टपणातून येत नाही, स्वतः सोसलेले पुढच्या सुनेवर उतरते, हे लेखिकेला नेमके दिसले होते. पुढे गणेश बाहेरख्याली होतो, मूल जाते, नवराही पटकीने दगावतो. बालपणापासून ओळखीचा रामचंद्र विधवा कमलेला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. बापाकडून आलेला पैसा ती विधवा व अनाथांसाठी वेचते. एवढ्या श्रद्धावान ख्रिस्ती लेखिकेने नायिकेला धर्मांतर करायला लावले नाही, हे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीशी ताडून पाहण्याजोगे आहे. तिथे कथा धर्मप्रचाराच्या वाटेने जाते. इथे लेखिका कमलेच्या नकाराचा मान राखते.

‘सगुणा’चे पुस्तक लेखिकेच्या पश्चात १८९५ मध्ये निघाले, स्फुट लेखांचा संग्रह १८९६ मध्ये. सॅम्युएल यांच्या द्वितीय पत्नी कमला सत्यनाथन यांनी १९०१ मध्ये ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ सुरू केले. दोन्ही कादंबऱ्या नंतर दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्या. चांदनी लोकुगे यांनी संपादित केलेल्या त्यांच्या आवृत्त्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९९८ मध्ये काढल्या.