दुर्बल नव्हे, दुर्बल ठेवलेले

संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदात ‘दुर्बल घटक’ हा शब्द आहे, तो राज्यावर जबाबदारी टाकण्यासाठी. व्यवहारात मात्र दुर्बलता हा जणू आमच्याच अंगचा दोष आहे, असा त्याचा वापर होतो. आम्हाला यावरच आक्षेप आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचे लेखन इथे कामाला येते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिका आपल्या मृतांसाठी शोक करत होती आणि त्याच वेळी अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकत होती. बटलर यांनी विचारले, कोणाचा मृत्यू शोक करण्यालायक मानला जातो? २००४ च्या ‘प्रिकेरियस लाइफ’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. इस्रायली सैन्याने मारलेल्या दोन पॅलेस्टिनी कुटुंबांचे निधनवृत्त एका अमेरिकन दैनिकाने नाकारले. आधी मृत्यूचा पुरावा मागितला, मग कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत असे कारण दिले.

२००९ च्या ‘फ्रेम्स ऑफ वॉर’मध्ये बटलर दोन गोष्टी वेगळ्या करतात. देह आहे म्हणजे इजा होणार, इतरांवर अवलंबून राहावे लागणार; हे सर्वांनाच लागू आहे. पण काही समूहांना जाणूनबुजून असुरक्षित ठेवले जाते, ते राजकारण असते. पुढे २०१५ मध्ये त्या आणखी एक मुद्दा मांडतात: असुरक्षित माणसे एकत्र येऊन रस्त्यावर उभी राहतात, तेव्हा त्यांचा उघडा देहच प्रतिकार होतो.

हे वाचताना आम्हाला महाड आठवते. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा नगरपालिकेचा ठराव होता, तरी चवदार तळ्याचे पाणी बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो माणसे तळ्यावर गेली. पाणी प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली. तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. ती माणसे दुबळी होती काय? त्यांना पाण्यावाचून ठेवले होते.

बटलर यांची मांडणी जातीपासून निघालेली नाही. ते काम आपले आहे. जातिव्यवस्था एकाच्या देहाचे अवलंबित्व लपवते आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या देहाकडून वसूल करते. ज्याचा मैला दुसरा उपसतो तो ‘पवित्र’, आणि उपसणारा ‘अपवित्र’! २०१३ चा कायदा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ३० लाख केली. तरी माणसे गटारात उतरवली जातातच आणि वर्तमानपत्रात बातमी येते, ‘कामगाराचा गुदमरून मृत्यू’. नाव नाही, उतरवणाऱ्याचेही नाही.

म्हणून सहानुभूती नको. त्याला गटारात कोणी उतरवले, ते छापा.

जय भीम.